बाण कशाला

स्टेशनच्या रस्त्याला माझं दुकान, सांगलीत, विश्रामबागेत.
लग्नपत्रिका, वास्तुशांत, हळदीच्या पेढ्यांची बिलबुकं,
आणि फ्लेक्स. वाढदिवसाचे, निवडीचे, निवड हुकली तरी अभिनंदनाचे.
बावीस वर्षं एकच धर्म पाळला:
मोकळी जागा दिसली की भरायची.
गिऱ्हाईक चौरस फुटाचे पैसे देतं,
आभाळाचे नाही.

रशिदा मुलाणी आल्या बुधवारी, भर दुपारी,
पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत.
औदुंबरच्या अलीकडच्या गावच्या आशाताई.
"शुक्रवारी कलेक्टर हापिसात धा मिंटं बोलायचं हाय.
पुराचं. भाच्यानं केलंय, तुम्ही जरा बघा."

बघितलं. अडतीस स्लाइडी.
सूर्यास्तावर पिवळी अक्षरं,
एकेक अक्षर विमानासारखं घरघरत उतरायचं.
कोपऱ्यात गुलाब, प्रत्येक पानावर,
वाहून गेलेल्या गुरांच्या पानावरसुद्धा.
पातळ्या, तारखा, पंचनामे,
एकाच तक्त्यात सत्तेचाळीस आकडे,
मुंग्या लागाव्यात तसे, साखर नसताना.

मला आवडलं, खरं सांगतो.
म्हटलं, अक्षरांना सावली देऊ, कडेनं सोनेरी बॉर्डर मारू.
त्या म्हणाल्या, "हे मी वाचायचं आन् त्यांनी बी वाचायचं?
मग मी कशाला जाऊ?
पेनड्राइव्हच धाडते की यस्टीनं."

मी गप्प.
मागं मशीन तेवढं चालू होतं,
कुणाच्या तरी मिशा छापत.

मग त्यांनी खुर्ची ओढली
आणि आम्ही पानं पाडायला बसलो.
माझा मेव्हणा सावळजला द्राक्षबाग छाटतो, तसं.
बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो,
कात्री कुठं थांबवायची ते त्याच्या बोटांना ठाऊक.
गुलाब गेले. सूर्यास्त गेला.
विमानं उतरली ती परत उडालीच नाहीत.
आकडे गेले. "ते माझ्या तोंडात हायेत," म्हणाल्या.
एकच ठेवला:
होडी यायला लागलेले तास.
अकरा.
काळ्या पानावर पांढरे अकरा,
मागच्या खुर्चीवरच्या डुलकीलाही दिसतील एवढे.

पुढचं पान त्यांनी कोरंच ठेवायला लावलं.
"हे रिकामं का?"
"तवा त्यांनी माझ्याकडं बघायचं."

शेवटी मोबाईलमधला फोटो.
चुलीजवळची भिंत. पेन्सिलच्या आडव्या रेघा, एकावर एक:
सानिया, जून. सानिया, ईद. सानिया, चौथी पास.
आणि त्या सगळ्यांच्या वर, हातभर वर,
गाळाची रेघ,
पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ.

सवयीनं माझा हात गेला लाल बाणाकडं.
वर लिहिणार होतो, महापुराची पातळी,
खाली, मुलीची उंची.
"बाण कशाला?" त्या म्हणाल्या.
"मी हाय की तितं. हात करीन."

"आणि... सानिया?"
"शाळेत गेलीया. आता माझ्या खांद्याला लागती."
माझा श्वास सुटलेला त्यांना ऐकू आला असावा.
"पर हे मी लगेच सांगणार न्हाई.
आधी त्यास्नी बगू द्या.
मग म्हणायचं, होडी जूनच्या आधी गावात बांधा."

पाच स्लाइडी झाल्या.
पैसे किती घ्यावेत कळेना,
काढून टाकलेल्याचा दर आमच्यात नसतो.
शंभर म्हटलं. त्यांनी ऐंशी दिले.

शुक्रवारी काय झालं, मला माहीत नाही.
शनिवारी वाढदिवसाचा फ्लेक्स आला,
मधे दादा, भोवती चौतीस शुभेच्छुक.
दादांच्या डाव्या अंगाला मी हातभर जागा सोडली,
मागं सरकून बघत राहिलो.
पोरगा म्हणाला, "काका, हितं अजून दोघं बसत्यात की."
बसवले.
गॉगलवाल्याचा एक कान कापला गेला त्यात.
चौकात लागून आठवडा झाला,
अजून कुणाला दिसलेला नाही.